दहा ठोके

मे महिन्यात आमच्या कासारकोंडाच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, गुरंसुद्धा फिरकत नाहीत. जांभा दगड असा तापतो की अनवाणी माणूस नाचायलाच लागतो. पण मुंबईच्या एका कॉलेजातली पोरं दरवर्षी नेमकी त्याच दिवसांत, ऐन सुट्टीत, आपणहून येतात. दहा दिवस शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपतात, उजाडायच्या आत सड्यावर चढतात आणि जमिनीच्या पोटात काय आहे ते यंत्र लावून शोधतात. खरं म्हणजे जमिनीच्या पोटात काय आहे ते वाडीत सगळ्यांना माहीत होतं. वर जांभा, त्याच्याखाली मऊ पांढरट माती, आणि त्याच्याखाली काळा कातळ. हरिश्चंद्र गमरे तर उभ्या जन्मात घण मारून मारून पन्नास वेळा तिथपर्यंत जाऊन आला होता. पण पोरांना ते न खणता बघायचं असतं. त्यालाच शिक्षण म्हणतात.

हरिश्चंद्राला या शिक्षणात मोठा मान होता. काम ऐकायला सोपं. सड्यावर एका ओळीत, पाच-पाच मीटरवर, चोवीस लहान उपकरणं मांडायची. खाली टोक, वर गोल डोकं, म्हणून वाडीने त्यांचं नाव भोवरे ठेवलं होतं. भोवरे वायरने यंत्राला जोडायचे. मग ओळीच्या टोकाला जमिनीवर लोखंडी पाटा ठेवून त्यावर घण हाणायचा. त्या ठोक्याची थरथर जमिनीतून जाते, खालच्या कातळाला लागून वर येते, एकेका भोवऱ्याला कळते आणि यंत्राच्या पडद्यावर चोवीस रेघा उमटतात. एका जागी दहा ठोके. दहांची बेरीज यंत्र करतं, मग रेघा स्वच्छ होतात.

हा घण गेली सात वर्षं हरिश्चंद्र मारत होता. पोरांचं हे शिबिर चालवणाऱ्या नम्रता बाईंनी पहिल्याच वर्षी त्याचा एक ठोका बघितला आणि कॉलेजातून आणलेल्या दोन पैलवान पोरांना घण खाली ठेवायला लावला. पाट्यावर घण पडला की तो उसळतो आणि दुसऱ्यांदा टेकतो. कानाला ते जेमतेम कळतं, पण पडद्यावर रेघांचा चिवडा होतो. हरिश्चंद्राचा घण उसळायचा नाही. पडला की पडला. आणि तो थेट चोविसाव्या भोवऱ्यापर्यंत पोचायचा.

याचं कारण साधं होतं. काळ्या कातळात विहीर खणायची तर सुरुंगासाठी भोक पाडावं लागतं. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने तिच्या डोक्यावर घण मारायचा. घण उसळला, घसरला, की धरणाऱ्याची बोटं गेली. हरिश्चंद्राची पहार धरायला गडी मिळाला नाही की त्याची बायको तुळसा बसायची. बावीस विहिरी तिने पहार धरली. तिची दहाची दहा बोटं अजून जागेवर आहेत, हेच हरिश्चंद्राचं सर्टिफिकेट.

यंदा शिबिर आलं तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता.

"जय भीम, बाई," तो म्हणाला. सकाळचे सहा वाजले होते. अठरा पोरंपोरी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती.

"जय भीम, हरिभाऊ. तब्येत काय म्हणते?"

"तब्येतीला काय झालाय? घण कुठं हाय?"

तब्येतीला झालं होतं. मार्चात काजूच्या बागेचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, रचताना एक दगड त्याने जरा ऐटीतच उचलला आणि उजव्या खांद्यात काहीतरी सरकलं. त्या दिवसापासून सदरा घालायचा तर आधी उजवा हात, मग बाकीचा माणूस. हे घरात तुळसाला माहीत होतं. सुनेला, करुणाला, न सांगता कळलं होतं. बाहेर कोणालाच नाही. घण बाजूला ठेवला तर सड्यावर आपण कोण, हा प्रश्न हरिश्चंद्राला दोन महिने छळत होता. वाडीत त्याला म्हातारा म्हणायचे. मे महिन्यातले दहा दिवस मात्र तो मास्तर असायचा.

करुणाने शेताच्या वाफ्यातली माती मळून टोपलीभर गोळे आणले होते. जांभ्यात भोवऱ्याचं टोक रुतत नाही, म्हणून एकेक गोळा थापायचा आणि त्यात भोवरा बसवायचा. ही युक्ती करुणाचीच. तिचा नवरा अमरदीप मुंबईला नोकरीला, ती इथे सासू-सासऱ्यांजवळ. शिबिराचं जेवण तिच्याकडे आणि तुळसाकडे. भोवरे बसवता बसवता ती पोरांना दटावत होती, "अरे हळू थापा, भाकरी नाय थापायची तुमाला."

ओळ लागली. दर्शन नावाचा एक उंच पोरगा पाट्याजवळ लाल फडकं घेऊन उभा राहिला. हे फडकं गमऱ्यांच्या घरासाठी होतं. त्यांचं घर सड्याच्या कडेला, शेवटच्या भोवऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि मे महिना म्हणजे वर्षाचा मसाला कुटायचे दिवस. पडवीतल्या व्हायनात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात, मुसळ पडलं की ते शेवटच्या पाच भोवऱ्यांना ऐकू जायचं. पहिल्या वर्षी बाईंनी दोन दिवस त्या गूढ हादऱ्यांचा अभ्यास केला होता. तिसऱ्या दिवशी तुळसाने त्यांना शिंकत शिंकत उलगडा करून दिला. तेव्हापासून करार होता. फडकं वर गेलं की मुसळ थांबायचं, खाली आलं की पडायचं.

"स्थिर!" बाई ओरडल्या. सगळे जिथल्या तिथे उभे राहिले. फडकं वर गेलं.

हरिश्चंद्राने घण उचलला. पहिला ठोका बरा पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला खांद्यातून सुई गेली आणि पार कोपरापर्यंत उतरली. चौथ्यापासून तो घण उचलत होता कमी आणि ओढत होता जास्त. चेहरा मात्र सरळ ठेवला होता. दहा पूर्ण केले, पाट्यावर घण टेकवला आणि डाव्या हाताने घाम पुसला.

"मॅम, चोवीस नंबर मेलाय," यंत्राजवळून आरोही म्हणाली. लहानखुरी, चष्मेवाली पोरगी. पोरांचे गट पाडलेले होते, आणि आज ज्या गटाची ओळ होती त्याचं यंत्र तिच्याकडे होतं. "तेवीस पण. बावीस जरा जरा आहे."

सगळे यंत्राभोवती गोळा झाले. शेवटच्या दोन रेघा नुसत्या थरथरत होत्या, ठोका कुठे लागला ते कळत नव्हतं. शेवटच्या रेघा नाहीत तर खालचा कातळ दिसत नाही. कातळ दिसला नाही तर पोरांनी नकाशात काढायचं काय? शिबिराच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक गटाला आपापला नकाशा बाहेरच्या परीक्षकांपुढे मांडायचा होता.

"भोवरा बदला," बाई म्हणाल्या.

भोवरा बदलला. हरिश्चंद्राने पुन्हा दहा मारले. रेघ तशीच.

"केबल असेल," दर्शन म्हणाला.

बघा गंमत. अठरा शिकलेली डोकी आणि एक डॉक्टरेट घेतलेल्या बाई. भोवऱ्यावर संशय घेतला, केबलवर घेतला, बॅटरीवर घेतला, करुणाच्या मातीच्या गोळ्यांवरसुद्धा घेतला. हरिश्चंद्राच्या ठोक्यावर संशय घ्यावा असं एकालाही सुचलं नाही. सात वर्षांत तो कधी चुकलाच नव्हता.

सूर्य वर आला. पोरं तापल्या जांभ्यावर गुडघे टेकून केबलचा एकेक सांधा उघडत होती, पुसत होती, परत लावत होती. दर्शन दहाच्या एसटीने चिपळूणला गेला, सोल्डरची तार आणि नवे जोड आणायला. हरिश्चंद्र काजूच्या झाडाखाली बसला होता. एका पोराने त्याला लिंबाचं सरबत आणून दिलं.

"बाबा, तुम्ही दमू नका. केबल नीट झाली की तुमचीच गरज आहे."

हरिश्चंद्राने सरबत घेतलं. ते पोरगं परत उन्हात गेलं आणि गुडघ्यावर बसलं. त्याच्या मानेवरची कातडी लाल झालेली हरिश्चंद्राला झाडाखालून दिसत होती. सरबत त्याला गोड लागलं नाही.

दुपारी हरिश्चंद्र घरी आल्यावर तुळसाने तेलाची वाटी चुलीवर ठेवली. तिळाचं तेल, त्यात लसूण. तो पडवीत भिंतीला पाठ लावून बसला. तिने त्याचा सदरा काढला, आधी डावा हात, मग उजवा.

"किती मारलात?"

"वीस."

"वीस! आणि पोचलं किती?"

तुळसाने खांद्यावर तेल चोळलं. जिथे दुखत होतं तिथे तिचा अंगठा बरोबर गेला, तसा तो कळवळला.

"सांगून टाका बाईला. माणूसच हाय तुमी, यंत्र नाय."

"सांगतो."

"कंदी?"

"केबल झाल्यावर."

"केबलीला काय धाड भरलीय?" तुळसा म्हणाली. "आवो, पोरं उन्हात करपतायत. कोनाच्या आवशीची लेकरा ती. इथना बसून मला कळला, तिसऱ्या ठोक्यापास्ना घण रडत पडतोय म्हणून. तुमाला कळला नाय?"

"कळला गो."

"मग?"

"मग काय मग? घण ठेवला की काय करू मी थंय? फडका धरून उभा राहू?" त्याचा आवाज चढला आणि लगेच पडला. "तू चोळ."

तुळसाने चोळलं. तिला राग आला होता आणि त्याची दयाही आली होती. तिने ते दोन्ही अंगठ्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबल नवी-कोरी असल्यासारखी चालत होती. सांधा न् सांधा तपासलेला. दर्शन स्वतःवर खूश होता. "आज चोवीस नंबर बोलणारच," तो म्हणाला आणि त्याने फडकं वर केलं.

हरिश्चंद्राने रात्रभर खांदा शेकला होता. त्याला वाटलं होतं, आज जमेल. तीन ठोके जमले. पुढचे सात त्याने मारले म्हणायचे.

"मॅम, परत तेच," आरोही म्हणाली.

बाईंनी टोपी काढली आणि केसांतून हात फिरवला. "आता यंत्राचाच चॅनल गेला असेल. तसं असेल तर ओळ लहान करावी लागेल. कातळ नाही दिसणार या गटाला." त्या चिडल्या नव्हत्या, पण थकल्या होत्या. पोरांची तोंडं उतरली. दोन दिवस फुकट.

आरोही मात्र पडद्यावरून उठली नाही. यंत्र दहा ठोक्यांची बेरीज दाखवतं, पण एकेक ठोका वेगळाही ठेवून देतं. तिने ते वेगळे उघडले. पहिला ठोका. चोविसाव्या रेघेवर लहानसा, पण स्पष्ट उंचवटा. दुसरा, तसाच. तिसरा, थोडा कमी. चौथा, जेमतेम. पाचव्यापासून काहीच नाही. तिने ते दोनदा बघितलं. मग मान वर करून हरिश्चंद्राकडे बघितलं. तो डाव्या हाताने उजवं कोपर धरून उभा होता. दोघांची नजरानजर झाली.

आरोहीने पडदा मिटला. "मॅम, बॅटरी उतरलीय बहुतेक," ती म्हणाली. "आता बंद करूया का? चारला बघू."

बॅटरी उतरलेली नव्हती. हरिश्चंद्राला ते कळलं आणि त्याचे कान गरम झाले. पोरगी त्याच्यासाठी खोटं बोलली होती. त्याच्या नातीच्या वयाची असेल.

दुपारी जेवणं झाल्यावर सगळी पोरं शाळेत पंख्याखाली आडवी झाली. आरोही एकटीच गमऱ्यांच्या घरी आली. पडवीत तुळसा आणि करुणा व्हायनाच्या दोन बाजूंना उभ्या राहून मिरच्या कुटत होत्या. एकीचं मुसळ वर, एकीचं खाली. दोघींनी नाकाला पदर बांधले होते. हरिश्चंद्र आत माजघरात आडवा होता. जागाच होता.

"आजी, मी करून बघू?" आरोही म्हणाली आणि तीनदा शिंकली.

"बांध आधी नाकाला," करुणा हसली आणि मुसळ तिच्या हातात दिलं. आरोहीने ते घट्ट आवळलं, डोक्यावर नेलं आणि जोर लावून हाणलं. मुसळ व्हायनाच्या काठावर बसलं, उडालं आणि चार मिरच्या अंगणात गेल्या.

"मेले, दुस्मान हाय काय त्यात?" तुळसा म्हणाली. "मारायचा नाय. उचलायचा आणि सोडायचा. वजन त्याचा, वाट आपली. खाली जाताना बोटा सैल सोड. टेकला की मग धर. आवळलास तर उडनारच."

आरोहीने सैल सोडलं. मुसळ खाली गेलं आणि बसलं. उडालं नाही. तिने पुन्हा केलं. दहा-बारा वेळा झाल्यावर ताल जमला. तिचा चष्मा घामाने घसरत होता, पण तोंडावर हसू आलं होतं.

"पहार धरायचे ना मी, तवा ह्ये मला सांगायचे," तुळसा आतल्या दाराकडे बघत मोठ्याने म्हणाली. "घण मारत नसतात, सोडतात. मी तां मुसळाला लावला."

मुसळ सोडता सोडता आरोहीने हळूच विचारलं, "आजी, बाबांचा खांदा खूप दुखतो का?"

मुसळ थांबलं. करुणाने सासूकडे बघितलं.

"कोनी सांगितलान तुला?" तुळसा म्हणाली.

"कोणी नाही. पडद्यावर दिसलं. मी मॅमना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. मी विचार केला, ओळच लहान करू. कातळ नाही दिसला तर नाही दिसला. थोडे मार्क जातील एवढंच." तिने चष्मा वर सरकवला. "बाबांना वाईट वाटायला नको."

तुळसाने पोरीच्या गालावर हात ठेवला. हाताला मसाला होता, हे दोघींच्या नंतर लक्षात आलं. मग एकच धावाधाव झाली. करुणाने ताकाची वाटी आणली आणि पोरीच्या गालाला ताक लावलं.

आत हरिश्चंद्र उठून बसला होता. आयुष्यात त्याने बऱ्याच गोष्टी सोसल्या होत्या. कातळ सोसला, ऊन सोसलं, मालकांची बोलणी सोसली. पण आपल्यापायी एखाद्या पोरीने मार्क सोडावेत, हे त्याला सोसेना. शिकण्यासाठी बापाने त्याला सात मैल चालत शाळेला पाठवलं होतं, सातवीपर्यंत. पोरांनी शिकावं म्हणून या घराने काय काय केलं होतं. आणि आता तोच आडवा येऊन बसला होता, एका खांद्यासाठी.

तो चार वाजायची वाट बघत बसला नाही. साडेतीनलाच सदरा चढवला, डोक्याला पंचा गुंडाळला आणि शाळेत गेला. पोरं उठून चहा पीत होती. बाई पायरीवर वही घेऊन बसल्या होत्या.

"बाई, यंत्र चांगला हाय," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "केबल चांगली हाय. बॅटरी पन चांगली हाय. ह्यो खांदा गेलाय माझा. मार्चापास्ना. काल सांगायला होवा होता. पोरांना दोन दिस उन्हात तापवलंय मी, ती चूक झाली."

चहाचे पेले हातातच राहिले. दर्शनचं तोंड उघडं पडलं. त्याने आदल्या दिवशी बहात्तर सांधे तपासले होते. हरिश्चंद्र जमिनीकडे बघत उभा होता. घण मारताना त्याचे पाय जसे असायचे तसेच, थोडे फाकवून.

बाई उठल्या. त्या काही बोलण्याआधीच दर्शन म्हणाला, "बाबा, पण केबल आता झकास झालीय हां." आणि कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. हरिश्चंद्राला कळेना, आपणही हसावं की काय.

"चूक तुमची नाही, हरिभाऊ, माझी आहे," बाई म्हणाल्या. "मी मुलांना इथे स्वतःच्या हाताने करायला आणते. आणि सात वर्षं घण मात्र तुमच्याकडून मारून घेते. चांगल्या रेघा मिळतात म्हणून. ही मुलं उद्या दुसऱ्या डोंगरावर जातील, तिथे हरिभाऊ कुठून आणणार?" त्यांनी वही मिटली. "उद्या घण हीच मुलं मारतील. तुम्ही शिकवायचं. मोजायचंही तुम्हीच."

"मोजायचा म्हंजे?"

"ठोका चांगला पडला तरच आकडा म्हणायचा. नाही पडला तर गप्प राहायचं."

हरिश्चंद्राने मान हलवली. परत येताना तो वाटेत दोनदा थांबला. खांदा दुखतच होता, पण छातीवरचा दगड उतरला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांना पाट्याभोवती उभं केलं. "पाय फाकवा. अजून. आता पाट्याकडे बगू नका, पाट्याच्या मधल्या टिकलीकडे बगा. श्वास घेत उचला. वरती गेला की तुमचा काम संपला. मग नुसती वाट दाखवा."

दर्शन पुढे आला. त्याच्यात जोर होता. घण दणकन बसला, उडाला आणि पुन्हा टेकला. हरिश्चंद्र गप्प. दर्शनने पुन्हा मारला. हरिश्चंद्र गप्प. सातव्या वेळी दर्शन म्हणाला, "बाबा, एक तरी म्हणा ना."

"म्हणतो की. मार तू."

एकेक करून सगळ्यांनी मारून बघितलं. कोणाचा घण पाट्याच्या कडेला लागला, कोणाचा जांभ्यातच बसला. एकीने डोळे मिटूनच सोडला, तेव्हा हरिश्चंद्राने पहिल्यांदा उडी मारली, त्रेसष्टाव्या वर्षी. शेवटी आरोही आली. तिने घण उचलला तेव्हा तिच्या काटक्या हातांकडे बघून पोरं गालात हसली. घण वर गेला, क्षणभर थांबला आणि खाली आला. बोटं सैल होती. ठण्. एकच आवाज, मागे काही नाही.

"एक," हरिश्चंद्र म्हणाला.

त्याला स्वतःलाच नवल वाटलं. घण पोरीच्या हातातला आणि आनंद आपल्याला, हे कसं काय?

"हीच मारेल," बाई म्हणाल्या. "स्थिर! फडकं वर."

खाली घरात तुळसा आणि करुणाने मुसळं वर धरली. करवंदीच्या जाळ्यांमुळे पाटा दिसत नव्हता, फडक्याचं टोक तेवढं दिसायचं. पण आवाज यायचा.

आरोहीचा प्रत्येक ठोका मोजला गेला असं नाही. सहा मारले तेव्हा चार झाले. बारा मारले तेव्हा सात. हरिश्चंद्र वाकून, कान लावून ऐकत होता. चांगला पडला की आकडा म्हणत होता, नाही पडला की हळूच सांगत होता, "आवळलास. सोड." ऊन चढायला लागलं. पोरीच्या तळहाताला दोन फोड आले, त्यातला एक फुटला. बाईंनी दोनदा विचारलं, थांबूया का. तिने मान हलवली.

"आठ," हरिश्चंद्र म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "नऊ."

यंत्रावर आता दर्शन होता. "येतंय," तो कुजबुजला. "चोवीस नंबर डोकं वर काढतोय. अजून एक."

आरोहीने दहावा मारला. सुरेख पडला. "दहा," हरिश्चंद्र म्हणाला, आणि त्याच्या तोंडातून आकडा पुरता बाहेर पडायच्या आधीच सतरा पोरांनी आनंदाने उड्या मारल्या. सतरा जोड बूट जांभ्यावर आपटले. ते सगळं इमानदार भोवऱ्यांनी टिपून घेतलं.

"अरे गाढवांनो!" बाई ओरडल्या. "स्थिर म्हणजे काय? काढून टाका तो ठोका. नऊच धरायचे. अजून एक लागेल."

सगळे चिडीचूप झाले. आरोहीने घण उचलायला घेतला आणि तो तिच्या हातातून सुटला. दुसरा फोडही फुटला होता. दांडा ओला झाला होता. तिने ओठ दाबले आणि पुन्हा वाकली.

"ठेव," हरिश्चंद्र म्हणाला.

त्याने वाकून घण घेतला. बाई काही बोलणार होत्या, तेवढ्यात त्याने डावा हात वर केला.

"एकच होवा ना, बाई? तीन असतात माझ्याकडे. त्यातला एक देतो."

खाली घरात करुणाचे हात भरून आले होते. "आई, फडकं अजून वरच हाय. खाली ठेवू काय मुसळ?"

"धर वाईच," तुळसा म्हणाली.

मग ठोका आला. पोरीचे ठोके चांगले होते, त्यात वाद नव्हता. पण हा वेगळा होता. तो कानाला लागायच्या आधी तुळसाच्या तळहातांना लागला. जिथे ती बावीस विहिरी पहार धरून बसली होती, बरोबर तिथे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिरच्यांमुळे म्हणता आलं असतं, पण मिरच्या संपून आता धणे चालले होते.

"मारू नका म्हणून सांगितला होता," ती म्हणाली. "ऐकतील तर शपथ."

"बाबांचा होता काय तो?" करुणाने विचारलं.

मुसळ वरच धरून तुळसा फडक्याकडे बघत राहिली. सड्यावर काहीही हललं नाही. या खेपेला पोरं शिकली होती. मग फडकं खाली आलं, आणि त्याच्यामागोमाग असा गलका उठला की काजूवरचे कावळे उडून गेले.

"पोचला," तुळसा म्हणाली आणि मुसळ सोडलं.

दुपारी हरिश्चंद्र घरी आला तेव्हा त्याच्या मागोमाग आरोही होती, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेली, आणि दर्शन होता, पडद्यावरच्या रेघांचा फोटो तुळसाला दाखवायला. शेवटच्या रेघेवरचा उंचवटा त्याने बोट ठेवून दाखवला. तुळसाने मान डोलावली. तिला त्यातलं काही कळलं नाही, आणि जे कळायचं ते सकाळीच कळलं होतं. करुणाने दोघांना पाटावर बसवलं आणि नव्या मसाल्याची कुळथाची पिठी वाढली. आरोहीला भाताचा घास हाताने घेता येईना, तर तिला चमचा शोधून दिला.

हरिश्चंद्र पडवीत भिंतीला पाठ लावून बसला. चुलीवर तेलाची वाटी आधीच गरम होती. तुळसाने ती फडक्यात धरून आणली आणि त्याच्यासमोर बसली.

"किती मारलात?" तिने विचारलं.

"एकच."

"म्हायीत हाय," ती म्हणाली. "सदरा काढा."